रिकाम्या मशीनला नव्वद गुण

शेरेकाकांचं आडनाव शेरे नव्हतं. चौतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारायच्या नोकरीत होते, म्हणून आधी कचेरीत आणि मग बिल्डिंगमध्ये ते नाव त्यांना चिकटलं. तपासणीला कुठल्याही कचेरीत गेले की ते आधी टेबलावरून बोट फिरवायचे, मग बोटाकडे बघायचे, आणि मग ज्याचं टेबल असेल त्याच्याकडे बघायचे. पुढचं काम आपोआप व्हायचं. निवृत्तीनंतर टेबलं गेली, बोट राहिलं. जिन्याचा कठडा, दूधवाल्याचं कॅन, जावयाची गाडी, जे समोर येईल त्यावरून ते फिरू लागलं. जावई सासुरवाडीला यायच्या आधी कोपऱ्यावर थांबून गाडी पुसून घ्यायचा.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखान्यात अठ्ठावीस वर्षं होत्या. त्यातली शेवटची पंधरा तिथल्या मुख्य म्हणून. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं त्यांच्या नजरेखालून धुवून जायचं. पण घरात या गोष्टीला ‘हिची नोकरी’ यापलीकडे नाव नव्हतं. कुणी विचारलं, की तुमच्या मिसेस काय करायच्या, तर काका सांगायचे, “हॉस्पिटलमध्ये होती.” ऐकणारा काकूंना नर्स समजायचा, आणि काका त्याला तसं समजू द्यायचे.

तर या घरातलं वॉशिंग मशीन एका सोमवारी बंद पडलं. मेकॅनिक आला, वाकून बघितलं, आतल्या प्लॅस्टिकच्या टबला उभी चीर गेली होती. तो म्हणाला, “काका, याच्यावर पैसे घालू नका. नवीन घ्या.”

मुलगी गावातच राहायची. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, मी आत्ता ऑर्डर करते. परवा दारात येईल.”

“परवा येईल आणि तेरवा बिघडेल,” काका म्हणाले. “प्लॅस्टिक आहे सगळं. आमच्या वेळच्या वस्तू बघ, माणसं गेली पण वस्तू राहिल्या.”

“बाबा, आईला कपडे धुवायचेत. माणसं जायची वाट कशाला बघायची?”

पण काकांच्या मनात एक विचार शिरला होता, आणि त्यांच्या मनात शिरलेला विचार फाइल होऊनच बाहेर पडायचा. मंगळवारी त्यांना फोनवर जुन्या वॉशिंग मशीनच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला. ‘जुनी धुलाई, खरी धुलाई’ असं त्याचं नाव होतं. बुधवारी ते त्याचे सदस्य झाले. गुरुवारी त्यांनी एका जुन्या सदस्याची चूक काढली, आणि शुक्रवारपर्यंत लोक त्यांना ‘सर’ म्हणू लागले.

या ग्रुपमध्ये दोन तट होते. मूळपंथीयांचं म्हणणं असं, की जुन्या मशीनचा एक स्क्रूही बदलू नये, गंजलेला असला तर गंजासकट जपावा. सुधारणावादी म्हणायचे, सांगाडा जुना ठेवा, आतडी नवी घाला. दोघांमधून विस्तव जात नव्हता. ग्रुपचे अध्यक्ष म्हणून एक सद्गृहस्थ होते, त्यांच्या घरी अकरा जुनी मशीनं होती. ते दोन्ही बाजूंना ‘अगदी बरोबर’ म्हणायचे, म्हणून तर ते अध्यक्ष टिकले होते.

याच ग्रुपवर काकांना ते मशीन दिसलं. एक बाई आपलं जुनं लॉज बंद करत होत्या, आणि त्यांच्या मागच्या व्हरांड्यात अडतीस वर्षांपूर्वीचं, वरून कपडे घालायचं मशीन उभं होतं. जाड पत्र्याचं, पांढरट रंगाचं, टायमरची खुंटी मुठीएवढी. झाकण उघडलं की आत चिनी मातीसारखा मुलामा दिलेला टब आणि मधोमध घुसळखांबासारखा जाडजूड दांडा. वर चार कुंड्या ठेवलेल्या होत्या.

काका तिथे बासष्ट प्रश्नांचा तक्ता घेऊन गेले. सोबत टॉर्च, भिंग, आणि बोट होतंच.

“हे नियमित वापरात होतं का?” त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

“होतं की,” बाई म्हणाल्या. “वर कुंड्या असतातच.”

“धुण्यासाठी?”

“धुण्यासाठी म्हणाल तर माझे सासरे होते तेव्हा. ते जाऊन बारा वर्षं झाली.”

“तेव्हा आवाज कसा यायचा?”

“सासऱ्यांचा?”

“मशीनचा.”

“त्यांच्यापुढे मशीनचा कुठला ऐकू येणार?” बाई म्हणाल्या, आणि कुंड्या उचलायला लागल्या. एकविसाव्या प्रश्नाला त्या चहा करायला गेल्या, चाळिसाव्याला कंटाळून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, आणि बासष्टाव्याला त्यांनी सांगून टाकलं, की तुम्ही हे फुकट न्या, पण आज न्या.

फुकट मिळालेल्या वस्तूला दुसऱ्या मजल्यावर चढवायला चार हमाल लागले. जिन्याच्या वळणावर ते मशीन अडकलं, तेव्हा खालचा हमाल म्हणाला, “काका, यात माणूस आहे का आत?” काकांना ती मशीनची तारीफ वाटली. “याला म्हणतात पत्रा,” ते वरून म्हणाले. ते काहीच धरत नव्हते, पण सूचना सगळ्या देत होते.

मशीन बाथरूममध्ये नळाशेजारी उभं राहिलं. काकूंनी पदर खोचल्यासारखा हात कमरेवर ठेवला, झाकण उघडलं, आतला टब दोन हातांनी धरून एकदा हलवला, एकदा फिरवला, आणि कान जरा तिरका करून ऐकलं. आतून ‘ठुप’ असा एक मऊ आवाज आला.

“मागची डावी स्प्रिंग निसटलीय,” त्या म्हणाल्या. “टब तीन स्प्रिंगांवर टांगलेला असतो. दोनच धरतायत.”

“अगं, अजून मूल्यमापन सुरूही झालेलं नाही,” काका म्हणाले. “निष्कर्ष शेवटी लिहायचा असतो.”

काकूंनी बादलीत कपडे भिजवले होते, ते घासायला घेतले.

मूल्यमापन महिनाभर चाललं. काकांनी त्याचे भाग पाडले. बाह्य स्थिती, अंतर्गत स्थिती, विद्युत, जल, आणि ‘सर्वसाधारण वर्तन’. गंजाचे डाग त्यांनी मोजपट्टीने मोजले. पाणी भरायला किती मिनिटं लागतात, उपसायला किती, घुसळदांडा मिनिटात किती हेलकावे घेतो, सगळं घड्याळ लावून टिपलं. मशीन सुरू व्हायचं, घुसळायचं, पाणी टाकायचं, पिळायला गरागरा फिरायचं, आणि काका स्टुलावर बसून मान डोलवायचे. बिघाड जवळजवळ नव्हताच. पट्टा भेगाळला होता, एक बेअरिंग किरकिरत होतं, टबाखालचं रबरी सील थोडं गळत होतं, बस.

या सगळ्या काळात मशीनमध्ये एक हातरुमालसुद्धा पडला नाही.

“चाचणीच्या काळात बाहेरचा घटक नको,” काका म्हणायचे. “कपडा घातला की निकाल गढूळ होतो.”

“कपडा घातला की पाणी गढूळ होतं,” काकू म्हणाल्या. “त्यासाठीच असतं ते.”

शेवटी काकांनी मशीनला शंभरापैकी नव्वद गुण दिले आणि तक्ता ग्रुपवर टाकला. एकशे चाळीस लोकांनी अंगठे वर केले. एक काकांचाच होता, पण तो चुकून लागला होता.

मग आला मेकॅनिक. पट्टा, बेअरिंग आणि सील बदलायला काकांनी त्यालाच बोलावलं होतं. दारात काकूंना बघून तो एकदम सरळ उभा राहिला.

“बाई, तुम्ही? त्या दिवशी तुम्ही बाहेर गेल्या होतात वाटतं. मला काय माहीत हे तुमचं घर!” मग तो काकांकडे वळला. “काका, मी शिकाऊ असताना हॉस्पिटलची मशीनं बघायला जायचो. आम्ही अर्धा दिवस खोलाखोल करायचो, आणि बाई दारातून जाता जाता सांगायच्या, तिसऱ्या नंबरचा पट्टा सैल आहे. कानाने ओळखायच्या. आमचे मालक म्हणायचे, बाईंना पगारावर घेतो.”

“हो का,” काका म्हणाले. “तू आधी सील बघ.”

मेकॅनिकने मशीन तिरकं केलं, आणि हात आत घालताच थांबला. “काका, मागची एक स्प्रिंग...”

“ते यादीत नाही,” काका म्हणाले. “यादीत आहे तेवढं कर. आधीच सांगतो, अवांतर काम नको.”

मेकॅनिकने काकूंकडे बघितलं. काकूंनी खांदे उडवले. बिचारा यादीतलं करून, चहा पिऊन गेला.

यापुढे सुरू झालं सुधारणापर्व. ग्रुपवर आधी रंगाचा प्रश्न निघाला, कारण पत्रा दोन ठिकाणी खरवडला होता. मूळ रंग ‘लोणी’ होता की ‘साय’, यावर अकरा दिवस चर्चा झाली. सायवाल्यांनी जुन्या जाहिरातीचं कात्रण काढलं. लोणीवाले म्हणाले, कात्रण पिवळं पडलंय, साय कशावरून? दोघे सदस्य ग्रुप सोडून गेले, त्यातला एक दुसऱ्या दिवशी परत आला. अखेर काकांनी पुढून लोणी आणि मागून साय असा तोडगा काढला, आणि अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना ‘अगदी बरोबर’ म्हटलं.

मग सुधारणावाद्यांची पाळी. त्यांच्या सांगण्यावरून काकांनी पिळायचा वेग वाढवणारा एक नवा कंट्रोलर मागवला आणि ऑनलाइन व्हिडिओ बघून स्वतः बसवला. जुन्या टायमरची कटकट कटकट करणारी खुंटी बाहेरून शोभेला ठेवली, पण तिच्या तारा तोडून मशीन फोनला जोडलं. झाकण उघडलं की मशीन थांबवणारी एक जुनी कळ होती, तीही काढली. फोन असताना तिची गरज काय? आता सुरू, बंद, पाणी, पिळणं, सगळं काकांच्या फोनमधून व्हायचं, आणि प्रत्येक टप्प्याला ग्रुपवर आपोआप संदेश जायचा: ‘धुणे सुरू’, ‘पाणी उपसले’, ‘धुणे पूर्ण’. लोकांकडून अभिनंदनं यायची. एकदा तर एका सदस्याने विचारलं, “सर, आज काय धुतलं?” काकांनी तो प्रश्न बराच वेळ बघितला आणि फोन उलटा ठेवला.

काकूंची पाठ आणि मनगटं आता दुखू लागली होती. तीन महिने त्या बादलीत कपडे घासत होत्या, आणि घासताना त्यांच्या शेजारी एक नव्वद गुणांचं मशीन रिकामं फिरत असायचं. मोठ्या चादरी मुलगी तिच्या घरी नेऊन धुवून आणायची. एक दिवस ती पिशव्या ठेवून बाथरूमच्या दारात उभी राहिली.

“बाबा, एक विचारू? हे मशीन तुम्ही घेतलंत कशासाठी?”

“लोकांना कळायला पाहिजे, की चांगली वस्तू म्हणजे काय.”

“आणि आईचं काय?”

“तिलाही कळेल,” काका म्हणाले. “पुढच्या रविवारी अध्यक्ष येतायत. त्यांच्या हस्ते पहिला कपडा पडेल.”

रविवारी सकाळी अकराला अध्यक्ष आले. गोरेगोमटे, पांढऱ्या कडक शर्टातले, हातात पेढ्याच्या खोक्याएवढा कॅमेरा. चहा झाला. काकूंनी सहज विचारलं, “तुमच्याकडे अकरा मशीनं आहेत म्हणे. मग रोजचे कपडे कुठल्यात धुता?”

“छे छे, त्यात कशाला?” अध्यक्ष जरा दचकले. “खराब होतील ती. कपडे आम्ही लाँड्रीत देतो.”

“अगदी बरोबर,” काकू म्हणाल्या.

काकांनी पहिल्या मानाच्या कपड्यासाठी घरातली सगळ्यात जाड, दुहेरी विणीची चादर निवडली होती. तिला आदल्या दिवशी इस्त्री करून, फाइलसारखी चौकोनी घडी घालून ठेवली होती. अध्यक्षांनी ती दोन हातांवर घेतली, काकांनी फोटो काढला, आणि चादर घडीसकट टबाच्या डाव्या बाजूला ठेवली गेली. काकू दारात उभ्या होत्या.

“अहो, घडी मोडा. आणि दांड्याभोवती गोल फिरवून घाला. सगळं ओझं एका अंगाला येईल.”

“मशीन बघून घेईल,” काका म्हणाले, आणि त्यांनी दार लोटून घेतलं, कारण अध्यक्षांना चित्रीकरणात मधे कुणी नको होतं.

बाथरूम तसं लहान. मशीन नळापाशी, त्याच्यासमोर दोन माणसं, कोपऱ्यात एक स्टूल, आणि आत उघडणारं दार. काकांनी फोनवर बोट टेकवलं. पाणी भरलं. घुसळण सुरू झाली. चादर भिजून जड झाली आणि डावीकडेच बसून राहिली. काका भाषण करत होते, “पूर्वीच्या कारागिरांची दृष्टी बघा...” आणि अध्यक्ष कॅमेरा फिरवत होते. पाणी उपसलं. मग पिळायचा टप्पा आला, नव्या कंट्रोलरचा, वाढीव वेगाचा.

आधी ‘ठुप’ झालं. मग ‘ठुप ठुप’. मग ते मोजण्यापलीकडे गेलं. अडतीस वर्षांचं ते धूड थरथरलं, एक पाय उचलून जरा विचार केल्यासारखं थांबलं, आणि चालू लागलं.

“साहेब, हे हलतंय,” अध्यक्ष म्हणाले.

“थोडं हलणारच,” काका म्हणाले. “ते सर्वसाधारण वर्तनात येतं.”

मशीन पुढे आलं तसं मागचा पाण्याचा पाइप ताणला गेला आणि फट्कन नळावरून निसटला. नळाची धार थेट अध्यक्षांच्या शर्टावर बसली. अध्यक्ष स्टुलावर चढले. काका फोन काढायला गेले, तर ओला हात सटकला आणि फोन जाऊन पडला बादलीत, काकूंनी सकाळी भिजवलेल्या कपड्यांत. थांबवायचं बटण फोनमध्ये, फोन साबणाच्या पाण्यात. काकांनी टायमरची खुंटी गरागरा फिरवली, ती छान कटकट वाजली आणि काहीच झालं नाही. त्यांनी झाकण उघडलं, तरी टब फिरतच राहिला, आता तोंड उघडं ठेवून. मशीन अध्यक्षांच्या स्टुलाला बगल देऊन दाराशी गेलं, दाराला पाठ लावली, आणि तिथेच धडधडत राहिलं.

“अगं!” काका आतून ओरडले. “अगं ऐकतेस का!”

आणि सगळं एकदम शांत झालं. काकूंनी बाहेरचा मेन स्विच पाडला होता.

“लागलं का कुणाला?” त्यांनी विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “पण दार उघडत नाही. मशीन आडवं आलंय.”

“नळ बंद करा आधी.”

नळ बंद झाला. काकांनी आणि अध्यक्षांनी मशीनला खांदा लावून बघितलं. ते चार हमालांचं वजन, त्यात उघड्या टबात नळाच्या धारेचं साचलेलं पाणी आणि भिजलेली चादर. तसूभर हलेना.

“जोर लावू नका, पाठ धरून बसाल,” काकूंचा आवाज दारापलीकडून आला. तो घरातला आवाज नव्हता. शांत, सरळ, आणि हो-नाहीला जागा न ठेवणारा होता. काकांनी बायकोचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांना क्षणभर वाटलं, बाहेर कुणी दुसरंच आलंय. “आंघोळीचा मग घ्या. टबातलं पाणी मगाने काढून मोरीत टाका. किती राहिलंय?”

“वीतभर.”

“तेवढं काढा. मग चादर उचला. दोघांनी. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. एकाने एका दिशेला पिळायचं, दुसऱ्याने बरोबर उलट.”

शेरेकाकांनी आयुष्यात कपडा पिळलेला नव्हता. अध्यक्षांनीही नव्हता. पहिल्या खेपेला दोघांनी एकाच दिशेने पिळलं, आणि चादर त्यांच्यात दोरीसारखी गोल फिरली.

“पाणी पडतंय का?” बाहेरून विचारणा झाली.

“नाही.”

“मग एकाच बाजूला पिळताय. उलट करा. हात कोपरापासून फिरवा, नुसतं मनगट नको. मनगट दुखतं.”

तिसऱ्या प्रयत्नाला चादरीतून पाण्याची धार लागली. अध्यक्षांचा चेहरा उजळला. “निघालं बरं का!” ते म्हणाले. काका घामाघूम झाले होते. एका चादरीत त्यांचे तळहात लाल झाले, आणि त्या लाल तळहातांकडे ते जरा बघत राहिले. घरात आठवड्याला किती चादरी निघतात, हे त्यांना माहीत नव्हतं. टॉवेल, शर्ट, पायजमे वेगळेच.

“आता मशीन ओढू नका,” काकू म्हणाल्या. “एक कोपरा उचला, वळवा. मग दुसरा कोपरा. कपाट सरकवतात तसं चालवा त्याला. चालायची सवय आहेच.”

बाहेर यायला दोघांना पाऊण तास लागला. अध्यक्षांनी काकांचा शर्ट घालून दुसरा चहा घेतला. निघताना ते काकूंना म्हणाले, “बाई, तुम्हाला हे सगळं कसं काय माहीत?”

काकूंनी काकांकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, ते नेहमीचं ‘हॉस्पिटलमध्ये होती’ सांगतील.

“हिने अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलचा कपडेखाना चालवलाय,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण शेवटी ते जरा अडखळले.

सोमवारी मेकॅनिक आला. या वेळी यादी काकूंनी तोंडी सांगितली. निसटलेली स्प्रिंग आकड्यात परत अडकवायला त्याला सहा मिनिटं लागली. नवा कंट्रोलर निघाला, टायमरच्या तारा जोडल्या गेल्या, झाकणाची कळ बसली, पाय कमीजास्त करून मशीन पातळीत आलं. मागच्या साय रंगाकडे बघून मेकॅनिकने विचारलं, “हे दोन रंग कसे काय?”

मग काकूंनी कपडे घातले. पांढरे आधी, दांड्याभोवती गोल, सैल. काका स्टुलावर बसून बघत होते. काकूंनी बाही वर सरकवली, पाण्यात हात घालून शेवटचा टॉवेल नीट केला, तेव्हा त्यांच्या दंडावर, कोपराच्या वर, एक लांब पांढुरका व्रण दिसला. काकांनी तो लग्नापासून नाही, पण कितीतरी वर्षं बघितला होता.

“हे तेलाने भाजलेलं ना?” ते म्हणाले.

“तेलाने? नाही हो.” काकूंनी टायमर फिरवला. मशीन घुसळू लागलं, जाड, संथ आवाजात. “लहान मुलांच्या वॉर्डातून एकदा कपडे आले. गठ्ठे मशीनमध्ये गेले, दार लागलं, पाणी सुटलं, आणि एक बाई धावत आली. तिचं बाळ सकाळी गेलं होतं. त्याची दुलई तिला हवी होती, न धुतलेली. मोठी मशीनं अशी लगेच थांबत नाहीत. मी दार ओढून काढलं आणि फिरत्या टबात हात घातला.”

“मिळाली?” काकांनी विचारलं.

“मिळाली. एकच कोपरा भिजला होता. ती म्हणाली, चालेल.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तेव्हा कुठल्या तरी अहवालात होता. म्हणालात, पट्टी बांध.”

चौतीस वर्षं शेरे मारणाऱ्या काकांना आज शेरा सुचला नाही. ते स्टुलावरून उठले, मग बसले, मग म्हणाले, “आणखी सांग.”

“काय?”

“तिथलं. काहीही.”

काकूंनी जरा विचार केला आणि एका आजोबांच्या दातांची गोष्ट सांगितली. त्यांची कवळी उशीच्या अभ्र्यात राहून तीन वेळा धुवून निघाली होती, आणि तिसऱ्या वेळी आजोबांनी निरोप पाठवला होता, की इस्त्री तेवढी करू नका. काका हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की मशीन कधीच थांबलंय आणि ते दोघे नुसतेच बसलेत.

कपडे काकांनी काढले. बादली उचलून गच्चीवर नेली, आणि पहिलाच टॉवेल त्यांनी असा वाळत घातला, की त्याचं एक टोक जमिनीला टेकलं. वाऱ्याने दोन अभ्रे उडाले, ते त्यांनी टाकीच्या मागून शोधून आणले आणि खाली जाऊन परत खळबळून घेतले. त्यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.